रात्रीच्या आकाशाचं प्रिंट काळंठिक्कर का येतं? या चुका टाळा

मृग नक्षत्रावरून केलेलं माझं पहिलं अमूर्त चित्र स्क्रीनवर झकास दिसत होतं. गडद निळ्यात जांभळा विरघळलेला, मधे काक्षी या ताऱ्याचा तांबूस ठिपका. छापून आलं ते पाटीसारखं काळं. छापणाऱ्याला चार शब्द सुनावून आलो. घोळ माझाच होता, हे नंतर उमगलं.

मी रात्री दिवे मालवून, ब्राइटनेस पूर्ण चढवून काम करायचो. स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो. कागद खोलीतला उजेड तेवढा परत देतो. त्यामुळे स्क्रीनवर उलगडलेल्या गडद छटा कागदावर एकमेकींत बुडतात. दिवा लावा, शेजारी कोरा कागद धरा आणि स्क्रीनवरचं पांढरं पान त्याच्याइतकंच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. शिवाय मोठं प्रिंट काढण्याआधी चित्रातल्या सर्वांत गडद भागाची चार बोटं रुंद पट्टी त्याच कागदावर छापून दिवसाउजेडी पाहा. हा एवढासा खर्च वाचवायला गेलात, तर अख्खं प्रिंट वाया जातं.

निळा जांभळट आला? छपाईत गर्द निळा सायन (आकाशी निळी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) या शाया मिळून होतो. मॅजेंटा जरा वरचढ झाला की रंग फिरतो. छापणाऱ्याकडून त्याच्या कागदाचं प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) मागून घ्या आणि आधी स्क्रीनवरच प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल याचा नमुना, पाहा. ऑफसेटवर, म्हणजे छापखान्यातल्या मोठ्या यंत्रावर, छापणार असाल तर ‘अजून काळं’ करायच्या हौसेनं चारही शाया (सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी) शंभर टक्के टाकू नका. शाई वाळत नाही, वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

आकाशात कांद्याच्या पाकळ्यांसारखे पट्टे दिसणं ही या चित्रांची खास व्याधी. 8 बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या. काळ्यापासून गडद निळ्यापर्यंत त्यातल्या थोड्याच वापरात येतात, आणि त्या दोन फुटांवर ताणल्या की एकेक पायरी मोजता येते. सुरुवातीपासून 16 बिटमध्ये काम करा, तिथे पायऱ्या कितीतरी जास्त असतात; शेवटी बारीक नॉइज (रवाळ ठिपके) मिसळा. आणि फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका! तिथे ती दाबली जाते आणि गडद भागात चौकोनी डाग पडतात. पेनड्राइव्ह बरा. A3 साठी, 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके), 3508 × 4961 पिक्सेल लागतात.

रचनेसाठी चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटवलं की मृगही उलटतो. आपल्याकडे दक्षिणेला तोंड करून पाहिलं तर व्याध हा तारा मृगाच्या डावीकडे खाली असतो. अमूर्त चित्राला सगळं माफ, असं म्हणता येईल. पण ओळखू येणारं नक्षत्र ठेवलंत, तर आकाश पाहणारा पाहुणा पहिलं बोट तिथेच ठेवणार.

फ्रेमचं थोडक्यात: गडद चित्रावर साधी चकचकीत काच म्हणजे आरसा, आकाशाऐवजी समोरची खिडकी दिसते. मॅट कागद घ्या, आणि काच हवीच असेल तर प्रतिबिंब कमी करणारी. कागद आणि काच यांत माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) असू द्या, नाहीतर दमट हवेत प्रिंट काचेला चिकटतं. कोकणात, मुंबईत पावसाळी ओल येणारी भिंत टाळा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावल्या की मागून वारा खेळतो.