दुमजली रेल्वे लेआउट घरी करताय? मग या चुका टाळा

मी मूळचा मिरजेचा. एके काळी आमच्या जंक्शनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या यायच्या, ते बघत वाढलेल्या पोराला घरात रेल्वे उभी करावीशी वाटणारच. आता सांगलीत विश्रामबागला गच्चीवरच्या १० बाय १२ च्या खोलीत एचओ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापाचा, दुमजली लेआउट (मॉडेल रेल्वेची मांडणी) चालूय. खाली लोणंद-सालपे, वर वाठार ते मिरज, आणि दोन्ही मजले जोडणारा गोल चढ म्हणजे हेलिक्स, तोच आमचा आदर्कीचा घाट. हा हेलिक्स मी दोनदा पाडून तिसऱ्यांदा बांधलाय, म्हणून हे सगळं लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरून दिसणारा नकाशा काढून कामाला लागणं. वळणं, यार्ड, लूप लाइन सगळं कागदावर झकास बसतं, पण दुमजली लेआउट जिंकायचा किंवा हरायचा तो उंचीत. आधी बाजूनं दिसणारा सेक्शन काढा, जमिनीपासून छतापर्यंत, आणि त्यात प्लायची जाडी, रुळाखालचा कॉर्क, रूळ, दिव्याची पट्टी, वायर सगळं मिमीमध्ये लिहा.

माझंच बघा. पहिल्या हेलिक्सला मी एका फेरीत ३ इंचच चढ दिला, गाडीला सोपं जाईल म्हणून. ३ इंच म्हणजे ७६ मिमी, त्यातून १२ मिमी प्लाय आणि कॉर्क-रुळाचे ८ मिमी गेले, उरले ५६. डब्याची उंची रुळापासून ५० मिमीच्या आत, त्यामुळं डबा आरामात गेला आणि मी खूश. मग एक दिवस तिसऱ्या फेरीत मधला डबा रुळावरून उतरला आणि कळलं की डबा जातो पण हात जात नाही! बोटांच्या टोकानं ओढताना डब्याची बोगी, म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, तुटली, शेवटी वरची प्लाय कापून तो बाहेर काढला. पेंटोग्राफ (छतावरचा, विजेच्या तारेला टेकणारा सांगाडा) वर केलेलं इलेक्ट्रिक इंजिन तर तिथं शिरूच शकत नाही. आता फेरीला ४ इंच ठेवलेत, मोकळी जागा ८० मिमीच्या आसपास मिळते.

दुसऱ्यांदा उलटी चूक केली. जागा वाचवायला १८ इंच रेडियस घेतला. एक फेरी ११३ इंचाची, त्यात ४ इंच चढ म्हणजे साडेतीन टक्के, वर वळणाचं घर्षण वेगळं. एलएचबी डबा (एक्सप्रेस गाड्यांचा नवा लांब डबा) १:८७ मध्ये २७० मिमी लांब होतो, असे आठ डबे लावले की पुढचा हलका डबा आतल्या बाजूला आडवा व्हायचा, कारण मागचं सगळं वजन त्याला वळणाच्या आत ओढतं. आता २४ इंच रेडियस आहे. फेरी १५० इंचाची, चढ २.६५ टक्के, घर्षण धरून तो गाडीला ४ टक्क्यांसारखा लागतो, पण इंजिन ओढतं. फक्त हा गोल साडेचार फूट जागा खातो, ती खोलीच्या नकाशात आधीच सोडा. आणि सपाटीवरून एकदम चढ सुरू करू नका, कपलर, म्हणजे डबे जोडणारे आकडे, सुटतात. पहिल्या दोन-अडीच फुटांत प्लाय हळूहळू वाकू द्या.

दोन मजल्यांत रुळापासून रुळापर्यंत १६ इंच ठेवलेत, म्हणजे चार फेऱ्या, ५० फूट रूळ. १:८७ च्या मापातल्या ताशी ४० किमीच्या हिशेबानं आमची कोयना एक्सप्रेस दोन मिनिटं गायब असते, पाहुणे विचारतात गाडी गेली कुठं, म्हणून एका बाजूला खिडकी ठेवलीय. वरच्या मजल्याला लाकडी फ्रेम करू नका, तीच तीन इंच खाते आणि खालचं लोणंद कपाटात ठेवल्यासारखं दिसतं. मी फॅब्रिकेशनवाल्याकडून २५ मिमी अँगलचे ब्रॅकेट करून घेतले, जाडी निम्म्यावर आली. वरचा मजला १२ इंचच रुंद ठेवा, खालचा २० ते २४. एलईडी पट्टी आणि खालच्या मजल्याचं वायरिंग वरचा मजला बसवायच्या आधी उरकून घ्या, नंतर मान मोडते.

एमडीएफ अजिबात घेऊ नका, पावसाळ्यात फुगतो. आयएस ७१० चा मरीन प्लाय महाग पडतो पण घ्या. आणि सांगलीच्या गावभागात राहात असाल तर तळमजल्याचा विचारच सोडा, २०१९ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय. गच्चीवर उलटा त्रास, मे महिन्यात खोली भट्टी होते, आणि मी सगळे जोड सोल्डर केलेले त्यामुळं रुळाला पसरायला जागाच नव्हती, वाठारला रूळ चक्क बाहेर फुगला. वळणावरचे जोड सोल्डर करा, सरळ भागात मधेमधे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट सोडा आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर, म्हणजे मेन वायरपासून रुळापर्यंतची छोटी वायर, द्या.

डीसीसीसाठी (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत) मेन वायर २.५ स्क्वेअर मिमी, फीडर दर तीन फुटांवर. झालं की एक रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा, कुठंही ठेवलं तरी बूस्टर (रुळाला करंट पुरवणारा डबा) लगेच ट्रिप झाला पाहिजे. नाही झाला तर त्या भागात करंट नीट पोचत नाही, आणि खरा शॉर्ट झाला की तिथलंच इंजिन जळणार.

गाडी बिघडली की आधी बघा कशी बिघडतेय. चाकं फिरतायत पण गाडी जागेवरच, तर वजन किंवा चढ. इंजिनाचा दिवा मंद होतोय, तर फीडर. वेगवेगळे डबे एकाच जागी उतरतायत तर रुळाचा जोड, आणि एकच डबा कुठंही उतरतोय तर त्याची चाकं किंवा वजन. २७० मिमीच्या डब्याचं वजन साधारण १७५ ग्रॅम हवं, स्वयंपाकघरातला काटा चालतो. हेलिक्स झाला की वरच्या मजल्याला हात लावायच्या आधी महिनाभर तुमची सगळ्यात लांब गाडी त्यात रोज वर-खाली चालवा, रिव्हर्समध्ये ढकलून सुद्धा, कारण उतारावर मागं ढकलताना जो डबा उतरतो तो पुढं ओढताना कधीच सापडत नाही.