घाटात रेल्वे बघायला जाताय? या चुका टाळा

घाटातल्या गाडीचं एखादं झकास छायाचित्र पाहून सहल ठरते आणि बऱ्याचदा तिथेच ती फसते. जागा तशीच असते, पण गाड्या दुसरीकडे वळलेल्या असतात.

स्वित्झर्लंडमधलं वासेन घ्या. 1882 सालचा गोटहार्ड रेल्वेमार्ग या गावाजवळ वळसे घेत चढतो, त्यामुळे गावातलं चर्च गाडीतून तीनदा, तीन वेगळ्या उंचीवरून दिसतं. पण डिसेंबर 2016 मध्ये डोंगराखालचा 57 किलोमीटरचा बोगदा नियमित वाहतुकीला खुला झाला आणि जलद गाड्या, मालगाड्या बहुतांशी तिकडून धावू लागल्या. त्यात आणखी एक गोम आहे. ऑगस्ट 2023 मध्ये त्या बोगद्यात मालगाडी घसरली आणि सप्टेंबर 2024 मध्ये बोगदा पूर्ण सुरू होईपर्यंत बऱ्याच गाड्या पुन्हा जुन्या मार्गाने गेल्या. तेव्हाचे व्हिडिओ पाहून आज कोणी गेलं, तर तेवढी वर्दळ मिळणार नाही. व्हिडिओ कधीचा आहे ते आधी बघा, मग चालू वेळापत्रकाशी ताडून पाहा. युरोपात वेळापत्रक दर डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं.

कॅलिफोर्नियातल्या तेहाचापी लूपवर, म्हणजे रुळांच्या वर्तुळाकार वळणावर, अडचण उलटी. तिथे लांब मालगाडी स्वतःच्याच डब्यांवरून जाते, पण नियमित प्रवासी गाड्या नाहीत आणि मालगाड्यांचं वेळापत्रक लोकांसाठी छापलं जात नाही. अशा ठिकाणी दोन तासांत काम उरकण्याचा बेत व्यर्थ. अख्खा दिवस हाताशी ठेवा.

सावलीचं गणित

सर्वांत जास्त फोटो सावलीमुळे वाया जातात. ॲपमधली सूर्योदयाची वेळ सपाट क्षितिजाची असते, दरीत ऊन फार उशिरा उतरतं. हिशोब सोपा आहे. दक्षिणेला 1 किलोमीटरवरची डोंगरधार तुमच्यापेक्षा 600 मीटर उंच असेल, तर तिचा माथा क्षितिजापासून साधारण 31 अंशांवर येतो. आल्प्समध्ये डिसेंबरच्या शेवटी सूर्य भर दुपारीही 20 अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे त्या जागी दिवसभर ऊन नाही! उंचीच्या रेषा असलेल्या नकाशावरून हे घरबसल्या काढता येतं. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, त्यामुळे सकाळी उजळलेली बाजू दुपारी काळी पडते. चढणारी गाडी हवी की उतरणारी, हे उन्हाच्या दिशेवरून ठरवा. निवड करता आली तर चढणारी घ्या. ती हळू येते, इंजिनं पूर्ण जोर लावत असतात, आणि मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, जोडलेलं असेल तर तेही टिपता येतं.

नकाशावरचं अंतर पाहून चालण्याचा वेळ धरणं ही दुसरी नेहमीची चूक. दर 5 किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास धरा. 3 किलोमीटर अंतर आणि 450 मीटर चढ म्हणजे सुमारे 80 मिनिटं, तीही न थांबता. दिवसाला दोन जागा पुरेत.

जागा बदलताना पॅनोरमा गाडीच्या मोहात पडू नका. स्वित्झर्लंडमधल्या बर्निना एक्सप्रेसला आरक्षण सक्तीचं आहे, तिच्या मोठ्या काचा उघडत नाहीत आणि फोटोत प्रतिबिंबं येतात. त्याच मार्गावरची साधी गाडी लहान स्थानकांवरही थांबते. मात्र काही थांब्यांवर विनंतीचं बटण दाबल्याशिवाय गाडी थांबत नाही, हे ध्यानात असू द्या.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी 1/500 सेकंदात सुमारे 3.3 सेंटीमीटर सरकते, म्हणून बाजूने घेतलेल्या फोटोला शटरचा वेग 1/1000 ठेवा. गाडीवरची एलईडी पाटी फोटोत अर्धवट आली तर 1/200 वर उतरा आणि गाडी समोरून घ्या. थंडीतून उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बंद पिशवीत घाला, नाहीतर लेन्सवर दव साचतं. जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात.

रुळांच्या हद्दीत पाऊल नको. उतारावरची विजेची गाडी फारसा आवाज न करता येते, आणि वळणावर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. विद्युततारांजवळ ट्रायपॉड किंवा काठी उंच धरू नका. तारेला न शिवताही झटका बसू शकतो.

गाडी वेळेवर आली नाही तर लगेच आवराआवर करू नका. एकेरी मार्गावर समोरची गाडी उशिरा असली की तुमची गाडी अलीकडच्या क्रॉसिंग स्थानकात थांबून राहते. त्या स्थानकाचा थेट फलक मोबाइलवर पाहा. दोन्ही दिशांच्या गाड्या गायब असतील तर दुरुस्तीचा ब्लॉक असण्याची शक्यता मोठी. दरीत नेटवर्क जातं, तेव्हा वेळापत्रक आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा, परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांसकट.