रेडिएटर तापलाय, तरी खोली गार? जागेच्या या चुका टाळा

घर तापवणाऱ्या, गरम पाण्याच्या रेडिएटरला हात लावला तर चटका बसतो, आणि पाय मात्र गारठलेले. अशा वेळी बहुतेक जण त्याचं पाणी तापवणाऱ्या बॉयलरचं तापमान वाढवतात. थांबा. रेडिएटर वरपासून खालपर्यंत नीट तापत असेल, तर आधी त्याची जागा आणि आजूबाजूची अडगळ बघा.

नेहमीचा पॅनेल (सपाट) रेडिएटर खोली तापवतो ती मुख्यतः हवा फिरवून. गार हवा खालून शिरते, तापते, वर जाते. टिश्यूपेपरची बोटभर रुंद पट्टी त्याच्या वरच्या कडेवर धरा, ती वरच्या दिशेने फडफडेल. आता रेडिएटरवरून लांब पडदा ओढा आणि पट्टी पडद्याच्या अलीकडे, खोलीच्या बाजूला धरा. जवळजवळ हलणारच नाही. गरम हवा पडद्यामागून थेट काचेवर जातेय. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि उपाय सगळ्यात सोपा: पडदा खिडकीच्या कट्ट्यापर्यंतच ठेवा.

सोफा चिकटवून ठेवणं, वर ओले कपडे वाळत घालणं, शोभेची बंदिस्त पेटी बसवणं, या सगळ्याने हवेची वाट अडते. सोफा वीतभर तरी पुढे ओढा. रेडिएटरखालीही साधारण १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी.

खिडकीखाली रेडिएटर म्हणजे उष्णता वाया, असं समजून तो समोरच्या भिंतीवर हलवू नका, निदान काच एकेरी असेल तर नाहीच. गार काचेलगतची हवा जड होऊन खाली उतरते. खिडकीखालचा रेडिएटर तिला तिथेच अडवतो. तो समोर नेलात, तर गरम हवा छताखालून खिडकीपर्यंत जाते, तिथे थंड होऊन खाली येते आणि जमिनीवरून सरळ तुमच्या पायांशी पोचते. खिडकी दुहेरी काचेची आणि घट्ट बसणारी असेल, तर आतली भिंतही चालते. बाहेरच्या भिंतीवर रेडिएटर असेल, तर मागे उष्णता परतवणारा चकचकीत पत्रा लावा.

थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हकडे, म्हणजे रेडिएटरमध्ये येणारं गरम पाणी आपोआप कमी-जास्त करणाऱ्या चावीकडे, फार कमी जणांचं लक्ष जातं. तो आपल्या भोवतालच्या हवेचं तापमान ओळखतो. पडद्यामागे किंवा पेटीत कोंडला, की त्याला वाटतं खोली तापली, आणि तो पाणी बंद करतो. अशा ठिकाणी वेगळा, लांब बसवता येणारा सेन्सर असलेला व्हॉल्व्ह घ्या. भिंतीवरचा मुख्य थर्मोस्टॅट (खोलीच्या तापमानानुसार हीटिंग चालू-बंद करणारा) ज्या खोलीत आहे, तिथला व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडा ठेवा.

रेडिएटर फक्त वरच्या बाजूला गार असेल, तर आत हवा साठली आहे. हीटिंग बंद करून, रेडिएटर निवल्यावर ती काढा आणि नंतर बॉयलरचा दाब तपासा. तळाशी मध्यभागी गार असेल, तर बहुधा गाळ. शेवटच्या खोलीतलाच तापत नसेल, तर सगळ्या रेडिएटरांमधला पाण्याचा प्रवाह जुळवून घ्यावा लागेल. यातलं काहीही जागा बदलून सुटणार नाही.