चातुर्मासाचा नेम: मोठं ध्येय रोजच्या वीस मिनिटांत कसं बसवायचं

आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी म्हणजे चार चांद्र महिने, सुमारे 118 दिवस. मध्ये अधिक मास आला की, 2023 साली अधिक श्रावण आला होता तसा, हा काळ पाच महिन्यांचा होतो. कुणी कांदेनवमीला भजी खाऊन कांदा-लसूण सोडतं, कुणी एकभुक्त राहतं, कुणी रोज हरिपाठ म्हणतं. ध्येय गाठण्याच्या मानसशास्त्राने गेल्या चाळीस वर्षांत जे शोधलं, त्यातलं बरंच या नेमाच्या रचनेत आधीपासून आहे. म्हणून तो नुसता रूढी म्हणून न धरता समजून धरावा. श्रद्धा नसलेल्यालाही ही रचना वापरता येते.

आधी यादी, मग नेम

बहुतेकांची चूक इथेच होते. शेजारी काय सोडतायत ते पाहून आपणही तेच सोडतो. त्याऐवजी एकादशीच्या आठवडाभर आधी कागद घ्या आणि "मी सहसा अमुक करायचा प्रयत्न करत असतो" अशी 15 वाक्यं लिहा. ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स यांची. "आईवर न चिडण्याचा", "ऑफिसात सगळ्यांच्या पुढे राहण्याचा", "देवाचं काही करण्याचा", जे खरं असेल ते लिहा. शोभेल ते नको. पंधरा सुचायला वेळ लागतो. शेवटची चार-पाच वाक्यं बहुधा सर्वांत प्रामाणिक असतात.

आता प्रत्येक वाक्याला "हे कशासाठी?" असं तीनदा विचारा. काही वाक्यं पहिल्याच प्रश्नात संपतात, काही एकाच ठिकाणी येऊन मिळतात. ते ठिकाण म्हणजे तुमचं मोठं ध्येय. मग कोणती दोन वाक्यं एकमेकांचे पाय ओढतायत ते पाहा. परस्परविरोधी ध्येयं असलेली माणसं त्यांवर विचार फार करतात आणि कृती कमी, असं एमन्स आणि लॉरा किंग यांना 1988 मध्ये आढळलं. भक्तीशी, ईश्वराशी जोडलेली ध्येयं ज्यांच्या यादीत जास्त, त्यांच्यात हा झगडा कमी असतो, असंही एमन्स यांच्या नंतरच्या अभ्यासात दिसलं. धर्म ध्येयांची उतरंड लावून देतो: काय वर, काय खाली. मात्र हा संबंध आहे, हमी नाही. उतरंड स्वतः मान्य केलेली असेल तरच ती कामाला येते.

मोठं ध्येय खाली उतरवणं

"सेवाभावाने जगायचं" हे ध्येय उत्तम, पण ते आज झालं की नाही हे रात्री सांगता येत नाही. ज्यांची सगळीच ध्येयं अशी उंचावर असतात, त्यांच्यात निराशा जास्त दिसते. सगळीच ध्येयं बारीकसारीक असतील तर जगण्याला अर्थ उरत नाही. म्हणून वरचं एक टोक आणि खालचं एक टोक धरायचं. उदाहरणार्थ, वर "सेवा"; खाली "रोज संध्याकाळी जेवणाआधी वीस मिनिटं, फोन बाहेर ठेवून, मामंजींच्या खोलीत बसणं". वीस मिनिटं गुणिले 118 म्हणजे 39 तासांहून जास्त. एकच नेम धरा. आकार ठरवताना चांगला दिवस डोळ्यांपुढे आणू नका. पाहुणे आलेत, पाऊस आहे, डोकं दुखतंय, त्या दिवशी जेवढं जमेल तेवढाच नेम.

पूजेच्या सुरुवातीला गुरुजी सांगतात तो संकल्प एकदा लक्ष देऊन ऐका. ठिकाण, संवत्सर, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, मग नाव-गोत्र, हेतू आणि शेवटी "करिष्ये". कोण, कुठे, कधी, कशासाठी, काय: सगळं एका दमात, आणि मग उदक सोडायचं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 मध्ये मांडलं ते याच्या अगदी जवळचं आहे. "अमुक वेळ आली की मी अमुक करीन" असं वेळेला आणि जागेला बांधलेला निश्चय नुसत्या इच्छेपेक्षा कितीतरी जास्त वेळा पार पडतो. तुमचा संकल्प मराठीत, एका वाक्यात लिहा आणि मोठ्याने म्हणा.

कुणाला सांगायचं? नेम विचारणाऱ्या एकाच माणसाला. सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. आपण कोण होणार हे जाहीर केलं की ते झाल्यासारखं वाटतं आणि हात ढिले पडतात. गोल्विट्झर यांच्याच 2009 च्या प्रयोगांत हे दिसलं.

मोडला तर

लंडनमधल्या संशोधक फिलिपा लॅली यांच्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक 66 होता. कमीत कमी 18, जास्तीत जास्त 254. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. बिघडतं ते "आता मोडलाच, तर राहू दे" या विचाराने. यावर जैन परंपरेचा उपाय फार शहाणा आहे. पच्चक्खाण, म्हणजे त्यागाची प्रतिज्ञा, घेतानाच त्यात आगार, म्हणजे सवलती, उच्चारतात: नकळत झालं, अचानक घडलं, तर व्रतभंग नाही. तुमच्याही संकल्पाखाली दोन सवलती आणि एक भरपाई आधीच लिहून ठेवा. आजारपण आणि प्रवास माफ. आळसाने चुकलं तर दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं. नियम चुकल्यानंतर बनवायला बसलात तर मन स्वतःच्या सोयीचा बनवतं.

दुसरा बिघाड जुनाच आहे: एकादशी अन् दुप्पट खाशी. एक चांगलं काम केलं की मन सूट मागतं. नेम झाल्यावरच्या तासाभरात आपण कसे वागतो, ते महिनाभर टिपून ठेवा. पूजेनंतर घरच्यांवर आवाज चढत असेल, तर नेम वरच्या ध्येयापासून सुटलाय.

तिसरा बिघाड भीतीचा. रायन, रिग्बी आणि किंग या मानसशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये दाखवलं की अपराधीपणापोटी किंवा लोक काय म्हणतील म्हणून पाळलेल्या धर्माचा मनःस्वास्थ्याशी संबंध उलटा असतो, आणि पटल्यामुळे पाळलेल्या धर्माचा चांगला. स्वतःला विचारा: कुणालाच कळणार नसेल तर हा नेम मी धरीन का? उत्तर "नाही" आलं तर नेम बदला. नवसाचंही इथे वेगळं पाहावं. नवस फळाशी बांधलेला असतो, नेम कृतीशी. फळ आपल्या हातात नसतं, म्हणून ध्येयासाठी नेमच घ्यावा.

उपासाचा नेम असेल तर मधुमेह, गरोदरपण किंवा रोजच्या गोळ्या असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बोलण्याचा, वाचनाचा, सेवेचा नेम तितकाच मोठा.

कार्तिकी एकादशी झाल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास, उद्यापन करा. सोडलेली वस्तू दान द्यायची रीत आहे. सेवेचा नेम असेल तर ज्याच्यासाठी केला त्याच्यासोबत जेवा. मग पहिल्या दिवशीची पंधरा वाक्यं काढा आणि कोणती बदलली, ते खूण करून ठेवा.