इंग्रजी बोलताना काळ कुठे चुकतो? या चुका टाळा

शाळेत बारा काळांचा तक्ता आपण सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. तरीही बोलताना गडबड होते, कारण त्या क्षणी डोक्यात तक्ता नसतो, मराठी वाक्य असतं. त्यातला काळ आपण जसाच्या तसा इंग्रजीत उचलून ठेवतो.

सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक ‘गेलो होतो’ची. ‘मी काल नाशिकला गेलो होतो’ हे मराठीत साधं, सरळ वाक्य. पण ‘आय हॅड गॉन टू नाशिक यस्टरडे’ म्हटलं की ऐकणारा पुढे काहीतरी येणार म्हणून थांबतो. इंग्रजीतलं ‘हॅड’ भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, ते दाखवतं. ‘मी बँकेत गेलो होतो, पण बँक बंद झाली होती’ हे वाक्य घ्या. मराठीत ‘होतं’ दोनदा आलं. इंग्रजीत मात्र ‘आय वेन्ट टू द बँक, बट इट हॅड ऑलरेडी क्लोज्ड’. बँक आधी बंद झाली, म्हणून ‘हॅड’ तिच्याच वाट्याला. नुसतं नाशिकला जाऊन आला असाल तर ‘आय वेन्ट’ पुरे. माझ्या मते ही एक सवय सुटली तरी बोलण्यात लगेच फरक जाणवतो.

‘आय हॅव मेट हिम यस्टरडे’ हेही टाळा. काल, गेल्या आठवड्यात, दोन दिवसांपूर्वी अशी सरलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळच हवा: ‘आय मेट हिम यस्टरडे’. कधी भेटलात हे सांगायचं नसेल, तर ‘आय हॅव मेट हिम’ बरोबर.

‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ यात मराठीचा वर्तमानकाळ फसवतो. ‘आय ॲम स्टेइंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ नको. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणा. किती काळ हे सांगताना ‘फॉर’, कधीपासून हे सांगताना ‘सिन्स’: सिन्स 2019, सिन्स मंडे.

‘पोहोचलो की फोन करतो’ यात सगळं पुढे घडणार आहे, तरी मराठीत भविष्यकाळ कुठेच नाही. इंग्रजीत तो एकदाच लागतो: ‘आय विल कॉल यू व्हेन आय रीच’. ‘व्हेन आय विल रीच’ चूक. जर-तरच्या ‘इफ’लाही हाच नियम. दारावरची बेल वाजल्यावर आपण ‘आलो, आलो’ म्हणतो, तिथे ‘आय ॲम कमिंग’. ‘भूक लागली’ला ‘आय ॲम हंग्री’.

‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ऐवजी ‘आय डोन्ट अंडरस्टँड’. नो (माहीत असणं), वॉन्ट, बिलॉन्ग यांनाही सहसा ‘आयएनजी’ लावत नाहीत. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ चुकीचं, पण ‘आय ॲम हॅविंग लंच’ चालतं, कारण जेवण ही चालू असलेली क्रिया आहे.

आणि ‘डिड यू वेन्ट?’ नको. भूतकाळ ‘डिड’मध्येच आला, पुढे ‘गो’च हवं.