मोबाइल ॲपचं बिल्ड ऑटोमेट करताना: नवीन लोकांसाठी

बिल्ड ऑटोमेट करायचं, म्हणजे कोडपासून ॲप बनवणं आणि तपासणं सर्व्हरवर आपोआप होईल असं करायचं (यालाच सीआय म्हणतात), हे काम अंगावर आलं की नवीन मंडळी आधी टूल निवडायला बसतात. जेनकिन्स घ्यावं, गिटहब ॲक्शन्स की गिटलॅब? ते नंतर ठरवा. आधी प्रोजेक्ट एका रिकाम्या फोल्डरमध्ये नव्याने क्लोन करा आणि अँड्रॉइड स्टुडिओ न उघडता फक्त टर्मिनलवरून ॲप बिल्ड करा. बऱ्याच अडचणी इथेच समोर येतात. कुणाची तरी एपीआय की फक्त त्याच्याच लॅपटॉपवर असते. गिटइग्नोरमध्ये सगळ्या जार फाइल्स वगळलेल्या असतात आणि त्यात ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड टूल) चालू करणाऱ्या रॅपरची जारही जाते. जावाचा घोळ तर नेहमीचाच: अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन 8 ला जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) 17 लागतो. स्टुडिओ स्वतःसोबत आलेला जेडीके वापरतो, टर्मिनल मात्र मशीनवरचा. म्हणून स्टुडिओत हिरवं दिसणारं बिल्ड सर्व्हरवर पडतं.

हे जमलं की पाइपलाइन (सर्व्हरवर ओळीने चालणाऱ्या पायऱ्यांची यादी) लिहायला फार वेळ लागत नाही. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीवर) लिंट (कोडमधल्या चुका न चालवता शोधणारी तपासणी), युनिट टेस्ट आणि डीबग बिल्ड एवढंच ठेवा. हे दहा मिनिटांत आटोपलं पाहिजे, नाहीतर लोक निकालाची वाट न बघता मर्ज करायला लागतात. बिल्ड मध्येच 137 कोड देऊन मेलं, तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे सिस्टिमने प्रोसेस मारलेली असते. ग्रेडलला दिलेली मेमरी आणि मशीनची मेमरी यांचा मेळ घाला.

नवीन माणसाचे सर्वात जास्त दिवस खातं ते साइनिंग, म्हणजे ॲपवर डिजिटल सही करणं. अँड्रॉइडची कीस्टोअर फाइल (जिच्यात सहीची की असते) गिटमध्ये कधीही टाकू नका. ती बेस64 मध्ये (साध्या मजकुरात) बदलून सीआय टूलमध्ये सीक्रेट, म्हणजे लपवलेली किंमत, म्हणून साठवा आणि बिल्डच्या वेळी परत फाइल बनवा. ऑगस्ट 2021 पासून प्ले स्टोअरवर नव्या ॲपसाठी ॲप बंडलच (गूगल ज्यातून फोनसाठीचं ॲप बनवतं ती फाइल) द्यावं लागतं आणि अंतिम सही गूगलकडच्या कीने होते. त्यामुळे आपली अपलोड की (बंडल पाठवताना आपण सही करतो ती) हरवली तर ती बदलून मिळते. जुन्या पद्धतीने स्वतःच सही केलेल्या ॲपची की हरवली, तर त्या ॲपला अपडेट देता येत नाही. तिची प्रत दोन सुरक्षित ठिकाणी ठेवाच.

आयओएसचं गणित वेगळं आहे. एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवायचं टूल) फक्त मॅकवर चालतं, म्हणून मॅक रनर (बिल्ड चालवणारं मशीन) लागतोच. सहीसाठी सर्टिफिकेट, त्याची प्रायव्हेट की आणि प्रोव्हिजनिंग प्रोफाइल (ॲप आणि सर्टिफिकेट यांची सांगड घालणारी ॲपलची फाइल) ही तिन्ही एकमेकांशी जुळावी लागतात. नवीन लोक सर्टिफिकेट तेवढं उतरवून घेतात, पण प्रायव्हेट की ते ज्या मॅकवर तयार झालं तिथेच राहते. म्हणून दोन्ही एकत्र असलेली पी12 फाइल एक्सपोर्ट करा. दुसरी अडचण ओळखायला अवघड असते: जॉब सहीपाशी येऊन नुसता थांबतो, एररही देत नाही. कीचेन (मॅकवर की आणि पासवर्ड ठेवायची तिजोरी) पासवर्ड विचारत असते आणि सर्व्हरवर तो टाकायला कुणी नसतं. फास्टलेन (बिल्ड आणि रिलीजची कामं आपोआप करणारं टूल) वापरत असाल तर सेटअप सीआय ही ॲक्शन तात्पुरती कीचेन तयार करते. फास्टलेनमधलं सर्टिफिकेट सांभाळणारं मॅच मात्र सर्व्हरवर रीडओन्ली मोडमध्येच चालवा. नाहीतर ते नवी सर्टिफिकेट्स काढत बसतं आणि ॲपलची मर्यादा भरते.

व्हर्जन कोड (स्टोअरला नवं-जुनं बिल्ड ओळखू येणारा आकडा) प्रत्येक अपलोडला वाढलाच पाहिजे. बहुतेक जण सीआयचा रन नंबर वापरतात आणि ते बरोबरच आहे. पण टूल बदललं की तो नंबर 1 पासून सुरू होतो आणि स्टोअर बिल्ड नाकारतं. सुरुवातीपासून त्यात एखादा मोठा आकडा मिळवायची सोय ठेवा. प्लेची कमाल मर्यादा 2100000000 आहे, म्हणून तारखेला मिनिटं जोडून कोड बनवायच्या भानगडीत पडू नका.

यूआय टेस्ट (ॲपचे स्क्रीन चालवून बघणाऱ्या) रात्री चालवा. लिनक्सवर एम्युलेटरला (कॉम्प्युटरवरच्या आभासी फोनला) केव्हीएम, म्हणजे प्रोसेसरचा थेट आधार देणारी लिनक्सची सोय, मिळालं नाही, तर तो इतका रखडतो की टेस्ट टाइमआउट होतात. विंडो, ट्रान्झिशन आणि ॲनिमेटर या तिन्ही ॲनिमेशन स्केल 0 करा. टेस्ट कधी पास, कधी फेल होत असेल तर स्लीप (ठरावीक वेळ नुसतं थांबणं) वाढवू नका. ज्या गोष्टीची वाट बघायची, तिचीच अट लिहा. फेल झालेली टेस्ट आपोआप परत चालवायची सोय मोहक वाटते, पण खरे बग तिच्याआड लपतात.

फक्त डीबग बिल्ड तपासून रिलीज पाठवू नका. रिलीजमध्ये आर8 (अँड्रॉइडचं कोड लहान करणारं टूल) नको असलेले क्लास काढतं आणि नावं बदलतं. रिफ्लेक्शनवर, म्हणजे चालू असताना क्लास नावाने शोधून, चालणारं जेसन डेटाचं पार्सिंग तिथेच कोसळतं. प्रत्येक रिलीजची मॅपिंग फाइल (बदललेल्या नावांची यादी) आणि आयओएसची डीसिम (त्याच कामाची फाइल) जपून ठेवा, नाहीतर क्रॅश रिपोर्ट वाचता येत नाही. टेस्टफ्लाइटचं (ॲपलच्या चाचणी-वाटप सेवेचं) बिल्ड 90 दिवसांनी बंद पडतं आणि ॲपलचं डिस्ट्रिब्यूशन सर्टिफिकेट वर्षभराने संपतं. या दोन्ही तारखा टीमच्या कॅलेंडरवर पहिल्याच दिवशी टाका.