सूचना असो वा जाहिरात, एका वाचनात कळेल असं कसं लिहावं

वापराची सूचना कुणी हौसेने वाचत नाही. यंत्र अडलेलं असतं, एक हात बटणावर असतो आणि डोळे हवी ती ओळ शोधत असतात. जाहिरात वाचणाराही तसाच घाईत असतो. हे आपल्या कामाचं आहे की नाही, एवढंच त्याला ठरवायचं असतं. म्हणजे दोन्हीकडे वाचकाला वाचून झाल्यावर काहीतरी करायचं आहे. ते काय, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर भाषेवर कितीही हात फिरवा, मजकूर गोंधळलेलाच राहतो.

१. वाचकाचं काम आधी लिहून काढा

‘हे वाचल्यावर वाचक अमुक करू शकेल’ हे वाक्य पूर्ण करून मसुद्याच्या डोक्यावर ठेवा. ‘राउटरची माहिती देणे’ हे तुमचं काम झालं. ‘राउटर रिसेट करणे’ हे वाचकाचं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये सोप्या भाषेसाठी २४४९५-१ हे मानक काढलं. वाचकाला हवं ते त्या मजकुरात आहे का, ते सापडतं का, समजतं का आणि वापरता येतं का, या चार गोष्टींवर ते उभं आहे. आपण मात्र बहुतेक वेळा फक्त तिसरीकडे लक्ष देतो आणि शब्द सोपे केले की झालं असं समजतो.

२. क्रम लावा, मग भाषा बघा

माझ्या मते सर्वात जास्त नुकसान चुकीच्या क्रमाने होतं. हा नमुना बघा:

‘डिव्हाइस पूर्ववत करण्याकरिता रिसेट बटणाचा वापर करण्यात यावा व दिवे लुकलुकेपर्यंत ते दाबून ठेवण्यात यावे. तत्पूर्वी सेटिंगचा बॅकअप घेतलेला असावा.’

‘तत्पूर्वी’ वाचेपर्यंत बटण दाबून झालेलं असतं. लोक सगळं वाचून मग काम करत नाहीत. एक ओळ वाचतात, तेवढं करतात, मग पुढची वाचतात. म्हणून हे असं हवं:

सावधान: रिसेट केल्यावर वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि बाकीच्या सेटिंग पुसल्या जातात. आधी बॅकअप घ्या.
१) राउटर चालू ठेवा.
२) मागचं रिसेट बटण टाचणीने दाबून धरा.
३) पुढचे सगळे दिवे एकदम लुकलुकले की बटण सोडा.

धोका कृतीच्या आधी आला. एका पायरीत एकच कृती राहिली. तिसऱ्या पायरीत आधी खूण सांगितली, मग कृती: दिवे लुकलुकले की सोडा. आणि आपलं बरोबर चाललंय हे वाचकाला त्या दिव्यांवरूनच कळतं. अशी खूण शक्य तिथे द्याच. ती नसेल तर माणूस पुढे जायला कचरतो किंवा तीच पायरी पुन्हा करत बसतो.

३. एका वस्तूला एकच नाव ठेवा

एकच शब्द पुन्हा पुन्हा नको, हे निबंधाला ठीक आहे. तांत्रिक मजकुरात सुरुवातीला ‘खातं’, मध्ये ‘प्रोफाइल’ आणि शेवटी ‘आयडी’ म्हटलं, तर वाचक तीन वेगळ्या गोष्टी शोधतो. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी तयार झालेल्या ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ या मानकात तर शब्दांची ठरावीक यादीच आहे, आणि सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे आपले शब्द थोडे आणि लांब असतात. मी बाराच्या आसपास थांबायला सांगेन.

स्क्रीनवर ‘सेव्ह’ दिसत असेल तर मजकुरातही ‘सेव्ह’च लिहा.

४. कोण करणार ते सांगा

‘फाइल तपासली जाते.’ कोण तपासतं? सॉफ्टवेअर आपोआप तपासत असेल तर वाचकाने थांबायचं. त्यालाच तपासायची असेल तर उठून कामाला लागायचं. ‘करण्यात येते’, ‘केले जाते’ अशी क्रियापदं शोधा आणि दर ठिकाणी करणारा उघड करा. ‘सॉफ्टवेअर फाइल तपासतं. हिरवी खूण येईपर्यंत थांबा.’

५. जाहिरातीतली विशेषणं तपासा

‘अत्याधुनिक तंत्रज्ञानाने सुसज्ज, अतुलनीय अनुभव देणारा स्पीकर.’ या वाक्यात स्पीकर काढून मिक्सर घाला, पंखा घाला. वाक्य तसंच बसतं. जे कुठल्याही मालाला लागू पडतं, ते तुमच्या मालाबद्दल काहीच सांगत नाही. त्याऐवजी: ‘एकदा चार्ज केला की आवाज निम्म्यावर ठेवून सलग ८ तास चालतो.’ इथे आकड्याइतकीच त्याची अटही महत्त्वाची आहे. अट लपवली की विक्री एकदा होते आणि तक्रार कायमची राहते. मोजलेला आकडा हाताशी नसेल तर आकडा देऊच नका. ‘बॅटरी बाहेर काढून बदलता येते’ असं साधं खरं वाक्यही काम करतं.

शेवटी एकच विनंती ठेवा: मागवा, फोन करा किंवा वापरून बघा. तिन्ही एकदम नकोत.

६. दुसऱ्याच्या हातात द्या

‘कळलं का?’ असं विचारू नका. भिडेपोटी लोक हो म्हणतात. सूचना असेल तर वस्तू आणि मजकूर दोन्ही द्या, काम करायला सांगा आणि स्वतः गप्प बसा. माणूस जिथे थांबतो, मागची ओळ पुन्हा वाचतो किंवा तुमच्याकडे बघतो, तिथे पेन्सिलने खूण करा. समजावून सांगण्याचा मोह आवरा, कारण खऱ्या वाचकाजवळ तुम्ही नसणार. जाहिरात असेल तर एकदा वाचू द्या, कागद पालथा करा आणि विचारा: काय विकतोय, कुणासाठी, पुढे काय करायचं? उत्तर अडखळलं तर आधी पहिलं वाक्य बदला.

दुरुस्त मसुदा मात्र नव्या माणसाला द्या. पहिल्याला आता उत्तर माहीत झालेलं असतं.